काका पानं टाकत नसत

गेल्या वर्षी डिसेंबरातला दुसरा रविवार, दुपारी चार. स्थळ: कोपरला आमच्या सोसायटीचं ऑफिस. हजर: मी, तिसऱ्या मजल्यावरची नीता, सेक्रेटरी अविनाश आणि सोसायटीतले सगळ्यांचे काका. चष्मा कपाळावर सरकवून काका नेहमीप्रमाणे म्हणाले, "बघू तरी काय आहे ते."

या एका वाक्याने मला किती छळलंय! आम्ही दर रविवारी पोकर खेळायचो, पैशांऐवजी चिंचोक्यांवर. प्रत्येकाच्या हातात दोन झाकलेली पानं, मधे सगळ्यांची मिळून पाच उघडी. आपली पानं भारी आहेत असं भासवून चिंचोके लावायचे. समोरच्याने तेवढेच लावायचे, नाहीतर पानं टाकून बाजूला व्हायचं. अर्धा खेळ घाबरवण्याचा. आणि काका घाबरत नसत. तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, तर माझी चिडचिड तुम्हाला कळेल.

मी वहीत टिपून ठेवायचे. पाच लावले की नीता बाजूला होते. पंधरा लावले की अविनाश आधी पाणी पितो, मग पानं टाकतो. काकांच्या नावापुढे काय लिहिणार? पाच लावा, पंचवीस लावा, ते मूठभर चिंचोके न मोजता पुढे सारणार.

"काका, पंचवीस लावलेत मी!"

"म्हणूनच तर. एवढे लावलेस म्हणजे बघण्यासारखं काहीतरी असणार."

पस्तीस वर्षं विजेचे मीटर वाचत फिरलेला माणूस. बंद पेटी दिसली की उघडून बघायचीच. विहारातली रविवारची वंदना आटोपून, पांढराशुभ्र सदरा घालून यायचे. हरले तरी खूश, जिंकले तर चकित: "अरे, हे माझं का?" अशा वेळी मला वही फाडून टाकावीशी वाटे.

शेवटी मी नियम केला. काकांसमोर थापा बंद. पानं खरंच चांगली असतील तेव्हाच लावायचे, पण तेव्हा भरपूर लावायचे. नियम पाळला त्या त्या रविवारी मी जिंकले.

त्या दिवशी जिंकेल तो माजिवड्याच्या एका सोसायटीतल्या स्पर्धेला जाणार होता. मुलांच्या स्पर्धांना डबे घेऊन मी पंधरा वर्षं गेलेय. स्वतःच्या नावाने कुठे जायची ही पहिलीच वेळ. नीता आणि अविनाश बाद झाले. उरलो काका आणि मी. माझ्या हातात राजा-राणी, पण मधल्या पानांशी एकाचीही जोडी लागेना. नियम ठाऊक असूनही मी चाळीसच्या चाळीस चिंचोके पुढे ढकलले. जिंकायची घाई झाली होती.

"बघू तरी," काका म्हणाले.

त्यांच्याकडे दोन दुर्र्या होत्या, सगळ्यांत हलकी जोडी. तेवढ्या पुरल्या.

"दुर्र्यांवर कुणी एवढे लावतं का? तुमच्याशी खेळण्यात काही अर्थच नाही!" मी ओरडलेच.

"अगं, चिडू नकोस. मला कुठे जायचंय तिकडे? तू जा ना."

"तुम्ही सोडलेली जागा नकोय मला."

अविनाश छताकडे बघत बसला. काकांनी चिंचोके गोळा करून डब्यात भरले, एकेक करत. माजिवड्याला शेवटी कुणीच गेलं नाही. पुढच्या रविवारी काका आले नाहीत. गुडघे दुखतात म्हणून निरोप आला. उन्हाळ्यात फ्लॅट भाड्याने देऊन ते मुलीकडे विठ्ठलवाडीला राहायला गेले. सामानाच्या टेम्पोपाशी सगळे जमले होते. मी खिडकीतून पाहिलं.

आता आम्ही तिघंच खेळतो. मी पंधरा लावते, दोघं पटापट पानं टाकतात. माझ्याकडे काय होतं, ते कुणालाच बघायचं नसतं.

चूक माझी होती, एवढंच काकांना सांगायचंय. नीताकडून मुलीचा पत्ता घेतला, त्यालाही सहा महिने झाले. विठ्ठलवाडी कल्याणच्या पुढचंच स्टेशन. जायचं राहिलंय.