माळावरची वहिवाट

माझे यजमान गेले, पण त्यांनाही हे कधी कळलं नाही. मुलीला सांगायला एकदा बसले होते, पण ऐन वेळी उठून चहाच टाकला. तुम्हाला सांगते.

निवृत्त होईपर्यंत मी कर्वेनगरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवला. इंग्लंडचा इतिहास माझ्या विशेष आवडीचा. राजे-राण्या नव्हेत, गावांच्या सामाईक कुरणांना कुंपणं पडली, तो काळ. कोणाची एखादी गाय तिथे चरायची, कोणाची चार बदकं. कागद कोणाकडेच नव्हता, होती ती पिढ्यान्‌पिढ्यांची वहिवाट. जमीनदारांनी संसदेकडून कायदे करून घेतले, कुंपणं घातली, आणि त्यातली कितीतरी माणसं गिरण्यांत मजुरीला गेली. हे सांगताना माझा आवाज जड व्हायचा. मुलं म्हणायची, मॅडम मनापासून शिकवतात. मनापासूनच शिकवत होते हो — म्हणून तर पुढचं सांगणं अवघड जातंय.

आमचं गाव आता पुण्यातच जमा झालंय. घरामागे मोठा माळ होता. सातबारा आमच्या घराण्याचा, चराई मात्र साऱ्यांची. कोंडामावशी तिथे शेळ्या राखायची. माझी आई अंथरुणाला खिळलेली, त्यामुळे मी दिवसभर मावशीच्या मागे. तिच्या शेळीच्या दुधावर मी वाढले. मला शाळेत घालायला वडील तयार नव्हते. मावशी त्यांच्यापुढे उभी राहिली. "पोरगी हुशार हाय. घरात कोंडू नगा." नंतर मिळालेल्या प्रत्येक पुस्तकासाठी, पगारासाठी, मानासाठी मी त्या बाईची ऋणी आहे. आजही आहे. मग मी तसं का केलं?

माळावर बिल्डर आला. मावशीनं आणि आणखी दोघातिघांनी तक्रार केली, म्हणून चौकशीला तहसीलचे साहेब आले. आदल्या दिवशी माझा भाऊ म्हणाला, "ताई, तू प्राध्यापक. तुझा शब्द धरतील. इथे कोणी चारत नव्हतं, एवढंच म्हण."

मी नाही म्हटलं का? "बघू" म्हटलं.

साहेबांनी अदबीनं विचारलं, "मॅडम, आपण इथल्याच. या माळावर कोणाची वहिवाट होती?"

"माझ्या पाहण्यात नाही."

एवढंच बोलले. कोणी धमकावलं नव्हतं. होणाऱ्या इमारतीत माझा एक फ्लॅट ठरला होता, आणि ते मला ठाऊक होतं — बस.

महिन्याभरात माळाभोवती पत्रे ठोकले गेले. मावशीनं शेळ्या विकल्या. मी वर्गात पुन्हा ती इंग्लंडची कुंपणं शिकवली. एका मुलीनं विचारलं, "मॅडम, ज्यांना खरं माहीत होतं, ते कोणीच बोलले नाहीत का?" मी पुस्तक मिटलं आणि तास लवकर सोडला.

पुढे मी त्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. मावशी त्याच सोसायटीत धुण्याभांड्याची कामं करत होती. जिन्यात दिसली की मी मोबाईलमध्ये बघायचे. मग एकदा बाथरूममध्ये पडले. पाय मोडला, हात मोडला. यजमान तोवर गेलेले, मुलगी परगावी. वॉचमननं कोणाला सांगितलं कोण जाणे, संध्याकाळी मावशी दारात. न विचारता आत आली. त्या दिवसापासून मला न्हाऊ घालणं, वेणी घालणं, भरवणं, सगळं तिनं केलं. बरी होईपर्यंत केलं.

एका दुपारी ती भात कालवत होती. मला राहवलं नाही. म्हटलं, "मावशी, त्या दिवशी साहेबांपुढं मी..."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "मी काय लांब हुते? शेळ्या इकल्या तवा लई शिव्या घातल्या तुला." मग घास पुढे केला. "आता आ कर. भात निवतोय."

मी तोंड उघडलं. घास खाल्ला. वाक्य तिथेच राहिलं; त्या दिवशी नाही, नंतरही नाही, ती गेली तोवर मी ते पुरं केलं नाही.

माळावर कोंडामावशीची वहिवाट होती. मी ती रोज पाहत होते.