वहिनींचं बिनपेट्रोलचं मशीन

आमच्या वत्सलावहिनींचा माणसावर विश्वास नाही. कुणावरच नाही. दूधवाल्याने एखाद्या दिवशी हसून नमस्कार केला, तर त्या पातेलं उजेडात धरून दूध बघतात. पंचवटीच्या बाजारात भाजीवाली म्हणाली, "घ्या मावशी, तुमच्यासाठी वेगळी काढून ठेवलीय," तर ती वेगळी काढलेली सोडून त्या दुसऱ्या ढिगातली घेतात. मी त्यांचा सख्खा दीर, पाथर्डी फाट्याला त्यांच्या शेजारच्याच बंगल्यात राहतो, तरी माझ्या हातचा प्रसादसुद्धा आधी हुंगून बघतात. हे मी कौतुकाने सांगतोय असं समजू नका. या बाईने माझं रक्त आटवलंय.

माझे थोरले भाऊ, दादा, जाऊन आता दोन वर्षं होतील. बंगल्यापुढची हिरवळ त्यांनी स्वतः लावलेली, आणि पेट्रोलच्या मशीनने तेच ती कापायचे. ते गेल्यावर मशीनची दोरी ओढायचं काम माझ्या गळ्यात पडलं. काय ती दोरी! ओढा, ओढा, खांदा निखळेपर्यंत ओढा, मग कुठे ते खोकत सुरू होणार आणि गल्लीभर धूर करणार. या पावसाळ्यात त्याने कायमचं अंग टाकलं. मेकॅनिक म्हणाला, भंगारात द्या.

नेमका तेव्हाच पुण्याहून ललितचा फोन आला. ललित म्हणजे वहिनींचा एकुलता एक मुलगा.

"आई, आता हे गवत पुरे. तुला कापणं होत नाही, काकांना होत नाही. पेव्हर ब्लॉक टाकून घेऊ. दसऱ्याला आलो की माणूस बोलावतो."

"आणि मी माझ्या हाताने कापून दाखवलं तर?"

"तर परत विषय काढणार नाही. शब्द देतो."

वहिनींनी फोन ठेवला. "यात पाणी मुरतंय, भाऊजी. आज फरशी, उद्या गाडी, परवा भाडेकरू, आणि मग बिल्डर."

"अहो, पोटचा पोरगा आहे तुमचा!"

"म्हणूनच म्हणते. परक्याच्या मनातलं मला कशाला कळलं असतं?"

कपाळ माझं! पण एक सांगतो, त्या रात्री वहिनी जेवल्या नाहीत. दादांचं म्हणावं असं त्या घरात तेवढं गवतच उरलं होतं, आणि तेही जाणार म्हणून बाई हादरली होती.

दुसऱ्याच दिवशी आम्ही द्वारका चौकाजवळच्या एका अवजारांच्या दुकानात गेलो. मी म्हटलं, पेट्रोलचंच घ्या. ताकद असते, आवाज येतो, चालतंय हे चार लोकांना कळतं. दुकानदार बॅटरीचं दाखवत होता. वायर नाही, दोरी नाही, धूर नाही, दांडीवरचं बटण दाबून पट्टी धरली की पातं फिरायला लागतं.

"बॅटरी मेल्यावर?" वहिनींनी विचारलं.

"नवी मिळते ना, मावशी."

"आणि तुम्ही मेल्यावर?"

दुकानदाराने घाईघाईने बटण दाबलं आणि पट्टी धरली. नुसतं हवेत फिरवून दाखवलेलं पातं वहिनींना पटेना. त्यांनी ते मशीन रस्त्यापलीकडच्या गवतात न्यायला लावलं आणि त्याला तिथे कापायला लावलं. लोक थांबून बघायला लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पेट्रोलचंच घ्या, वहिनी," मी पुन्हा म्हटलं. "हे खेळणं आहे."

"तुम्ही सारखं पेट्रोल-पेट्रोल का करताय? तुमचा काय फायदा?" त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "पेट्रोलचं घेतलं की दोरी ओढायला माणूस शोधा. बॅटरीवर माझा विश्वास नाही, पण माणसावर त्याहून नाही."

झालं! बॅटरीचं मशीन घरी आलं. आणि खोटं कशाला बोलू, बेटं चांगलं चाललं. चांदवडच्या शेतात वाढलेली बाई ती, एका हप्त्यात हात बसला. फक्त काम झालं की बॅटरी काढून लोखंडी कपाटात, साड्यांच्या मागे. न जाणो, रात्री कुणी नेली तर? दसऱ्याच्या आधी मात्र त्यांनी मुद्दाम गवत वाढू दिलं, ललितच्या डोळ्यांदेखत कापायचं म्हणून.

खंडेनवमीला वहिनींनी मशीनची पूजा मांडली. आमच्याकडे त्या दिवशी कोयत्यापासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागतं आणि दिवसभर सुट्टी असते. मशीनला झेंडूची माळ, बॅटरीला वेगळ्या ताटात मान. संध्याकाळी वहिनी म्हणाल्या, "बसवा ती बॅटरी जागेवर, सकाळी घाई नको." मी बसवली.

दसऱ्याला सकाळी ललित आला. वहिनींनी पदर खोचला, बटण दाबलं, पट्टी धरली. काही नाही. पुन्हा दाबलं. मशीन ढिम्म.

वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. मग त्या माझ्याकडे वळल्या. "भाऊजी, बॅटरी काल तुम्ही बसवली."

"तुम्हीच सांगितलंत म्हणून!"

"आणि परवा ललितचा फोन तुम्हाला आला होता. काय ठरलं तुमचं?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी सुपारी घेतलीय का तुमच्या गवताची?" मी ओरडलो. गल्लीत दोन खिडक्या उघडल्या.

आमचं जुंपलेलं असताना ललितने खाली वाकून बॅटरी बाहेर काढली आणि मशीन कलतं केलं. बॅटरीच्या खाचेतून कुंकवाने लाल झालेले तांदूळ ओघळले. वहिनींचं लक्ष नव्हतं. मी पाहिलं, ललितनेही पाहिलं. पोराने आता बॅटरी परत तशीच ढकलली असती, तर गवताचा निकाल तिथेच लागला असता. खरं सांगतो, माझ्याही मनात पाल चुकचुकली.

"आई, अक्षता आत कशाला टाकल्यास गं?"

वहिनी थबकल्या. "त्याचा जीव तिथेच असतो ना. बाहेरून टाकून काय उपयोग?"

ललित हसला. खिशातला रुमाल काढून त्याने खाच पुसली, कोपऱ्यात अडकलेले दाणे नखाने उकरले, आणि बॅटरी टक् करून बसवली. दांडी आईच्या हातात दिली. वहिनींनी कुंपणापासून फाटकापर्यंत सगळं गवत एकटीने कापलं. मध्येच ललित बाजूला जाऊन फोनवर बोलला, तशी त्यांनी पट्टी सोडली.

"कुणाला फोन?"

"पेव्हरवाल्याला. येऊ नको म्हणालो."

वहिनींनी मशीन कुंपणाशी नेऊन उभं केलं. मग म्हणाल्या, "तुझे बाबा रोज संध्याकाळी इथे बसून हाक मारायचे. अगं ये, बस जरा. मला वाटायचं, काहीतरी काम काढलं असणार माझ्यासाठी. म्हणून मी कधी आलेच नाही रे."

त्यांचे डोळे भरून आले होते. माझा राग कुठल्या कुठे गेला.

ललितने चपला काढल्या आणि नुकत्याच कापलेल्या गवतात मांडी घातली.

"आई, ये. बस जरा. काही काम नाहीये."

वहिनींनी त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं, आणि बसल्या.