शिंगं साळायचं हत्यार

आमच्या मुरुडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर मी अधूनमधून एखाद्या अनोळखी हत्याराचा फोटो टाकतो. सगळ्यांच्या आधी शेजारच्या मामांचा व्हॉइस मेसेज येतो. आधी खाकरणं, मग निकाल, "सर, हे बैलाचं हाय." त्यांच्या लेखी जगातली प्रत्येक वस्तू बैलासाठीच घडवलेली आहे.

एकदा अननसाचा गर काढायच्या विलायती नळीचा फोटो टाकला. खाली दाते, वर मूठ. मामा म्हणाले, "शिंगं साळायचं हाय." म्हणजे बैलाची शिंगं तासून गुळगुळीत करायचं. मी खरं उत्तर सांगितलं, तर चिडले. "अननसाला कुठं शिंगं असतेत, सर?"

पोळ्याला त्यांनी वेल्डिंगवाल्याकडून तसलंच मोठं हत्यार करून आणलं आणि आपल्या देवणी बैलाच्या शिंगावर चढवून गरगर फिरवायला लागले. शिंग मोडतंय आता, म्हणून आम्ही डोळे मिटले. बैलानंही मिटले, पण सुखानं. शिंगं आरशासारखी लख्ख झाली.

परवा त्यांच्या हिमायतनगरच्या जावयानं मामांच्या त्याच हत्याराचा फोटो ग्रुपवर टाकला, "ओळखा!" मागं मामांचाच गोठा दिसत होता. मामा लगेच खाकरले.

"अननसाचं हाय. पटत नसंल तर सरांना इचारा."