फैफाच्या उतारावर पाठीवर पडलेला हात

आमच्या घरात भुताखेतांना कधी जागाच नव्हती. परंड्याजवळचं लहान गाव, वडील बाजार समितीत हमाल. लहानपणी संध्याकाळी ओढ्याकडच्या वाटेने जायला मी कुरकुर केली की ते म्हणायचे, "भुतं पोट भरलेल्या लोकांना दिसतात. तू जा, म्हशीला वैरण टाकून ये." तेच अंगात मुरलं. पुढे घरातला पहिला ग्रॅज्युएट झालो, मेकॅनिकल इंजिनियर झालो. गणपतीला आरती मनापासून म्हणतो, पण या सदरातले अनुभव वाचताना माझं मन आपोआप कारणं शोधायचं… झोप झाली नसेल, ताप असेल, मांजर असेल. आज माझी पाळी आहे. तुम्हीही कारणं शोधा, मला राग येणार नाही.

मी सौदीत जिझानजवळ एका प्लँटमध्ये मेंटेनन्सला आहे. बायको वैशाली आणि मुलगी ओवी इथेच असतात. जिझान म्हणजे समुद्र, घाम आणि सपाट रस्ते. पण पूर्वेकडे गाडीने दोनेक तास गेलं की फैफाचे डोंगर लागतात. पायऱ्यांसारखी शेतं, कॉफीची झाडं, दगडी गोल घरं, आणि त्यांच्यामधून वळणावळणाने चढणारा अरुंद घाट. चढ इतका खडा की गाड्यासुद्धा पहिल्या गिअरमध्ये कण्हतात. तिथे आम्ही तिघं सायकल चालवायला जातो.

आमचे म्होरके सलीमभाई. मूळचे गुहागरकडचे, जिझानमध्ये टायरचं दुकान, वयाने माझ्याहून बरेच मोठे आणि चढावर कायम माझ्यापुढे. तिसरा नितीन, नाशिकचा, माझ्याच प्लँटमधला. हा पोरगा मोबाईलवर आल्प्समधल्या घाटांचे व्हिडिओ बघत जेवतो.

"दादा, एकदा तिकडचा घाट मारायचा," तो म्हणतो.

"आधी इथल्या घाटात उतरून ढकलायचं बंद कर," सलीमभाई म्हणतात, "मग तुझ्या आल्प्सचं बघू."

शुक्रवारी सलीमभाईंची जुम्म्याची नमाज असते, म्हणून आमची राईड शनिवारी. तिचे नियम ठरलेले. पुढच्याला खड्डा किंवा खडी दिसली की त्याने ओरडायचं, मागच्याने तेच त्याच्या मागच्याला सांगायचं. चढावर एखादा दमला की मागच्याने त्याच्या पाठीवर तळवा ठेवून रेटायचं. मी सगळ्यात हळू, त्यामुळे मला रेटायला मागे वळून येणाऱ्या सलीमभाईंचा तळवा माझ्या पाठीला चांगलाच ओळखीचा. पण उतारावर कुणी कुणाला हात लावायचा नाही. जरा तोल गेला की दोघंही दरीत. हे आमच्यात कुणाला सांगावं लागत नाही.

मागच्या हिवाळ्यातल्या एका शनिवारी आम्ही वर पोचलो तेव्हा लख्ख ऊन होतं. खजूर खाल्ले, फोटो काढले. मग खालून ढग चढायला लागले. तिथे हे असंच होतं, बघता बघता समोरचं घर नाहीसं होतं.

"यल्ला, निघू या," सलीमभाई म्हणाले. "गणेश, तू सावकाश ये. आम्ही खाली पंपावर चहा सांगतो. दोन बोटं ब्रेकवर ठेव, आणि घाई अजिबात नको."

दोघं पुढे गेले. मी निम्म्या उतारावर आलो आणि धुक्याने हुडहुडी भरली, म्हणून विंडचीटर घालायला थांबलो. रस्त्याच्या पलीकडे, म्हणजे डावीकडे, जरा मोकळी जागा आणि कठडा होता. तिकडे जाऊन सायकल कठड्याला टेकवली, पाणी प्यायलो, चेन बघितली. आणि तिथूनच पुन्हा निघालो… डावीकडूनच.

सौदीत वाहनं उजवीकडून चालतात. कार चालवताना मला आता विचारही करावा लागत नाही, कारण स्टिअरिंगच डावीकडे असतं. सायकलला असं काही आठवण करून देणारं नसतं. सायकल मी गावात शिकलो, नळीखालून पाय घालून, परंडा रोडच्या डाव्या कडेने. रस्ता रिकामा, समोर धुकं, दोन्ही बाजूंना शेतं… माझ्या पायांनी त्यांना ठाऊक असलेली बाजू धरली. मला काहीही चुकल्यासारखं वाटलं नाही. उलट फार बरं वाटत होतं.

एक-दोन वळणं गेली आणि मागे आवाज आला. सायकल नुसती घरंगळताना मागच्या चाकातून येतो तो – टिकटिकटिकटिक. कुणीतरी अगदी माझ्या चाकाला चिकटून येत होतं. नितीन तर पुढे गेलेला. वाटलं, असेल कुणी सौदी सायकलवाला, इथे हल्ली बरेच येतात. वळण जवळ आलं होतं म्हणून मी मागे पाहिलं नाही.

आणि माझ्या पाठीवर हात पडला.

डाव्या खांद्याच्या खाली, पूर्ण तळवा. धक्का नव्हता तो. चढावर रेटतात तसा एकसारखा, जपून दिलेला दाब, पण पुढे नाही… तिरका, उजवीकडे. विंडचीटरमधूनही तो गरम लागला. माझं टाळकं सरकलं. तोंडातून मराठीच निघालं, "उतारावर हात लावतात का? अक्कल आहे का तुला?" आणि त्याला पुढे जाऊ द्यावं म्हणून मी सायकल रस्त्याच्या पार उजव्या कडेला नेली.

त्याच क्षणी वळणावरून पाण्याचा टँकर वर आला. मी ज्या बाजूने चाललो होतो त्याच बाजूने, म्हणजे त्याच्या योग्य बाजूने. वारा अंगावर आला, सायकल थरथरली. मी कसाबसा थांबलो. तेव्हा कुठे मला कळलं की आपण इतका वेळ कुठून चाललो होतो.

पण भीती स्वतःसाठी वाटत नव्हती. माझ्या मागचा माणूस मागेच होता. तो टँकरखाली गेला, असंच मी धरून चाललो. सायकल टाकून वर पळालो. टँकरही थांबला होता. पठाण ड्रायव्हर खाली उतरून मलाच शोधत येत होता.

"भाईजान, ये कौन सी साइड से आ रहा था तुम?"

"मेरे पीछे वाला… उसको लगा क्या?"

"पीछे वाला कौन? तुम अकेला था."

"नहीं, एक और साइकिल था."

त्याने टँकरच्या चाकांखाली वाकून बघितलं, मग माझ्याबरोबर कठड्यावरून खाली डोकावला. आम्ही दोघं हाका मारत वर दोन वळणं चालत गेलो. रस्ता ओला होता. माझ्या चाकाची एक रेघ, बाकी काही नाही. परत येताना त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला, म्हणाला, "घर जाओ. बच्चे हैं ना?"

पंपावर मी सगळं सांगितलं तेव्हा सलीमभाईंनी गाडीची किल्ली काढली. आम्ही तिघं पुन्हा वर गेलो. तोवर ढग विरले होते. सगळी वळणं पाहिली, दोन घरांमध्ये विचारलं. त्या सकाळी आमच्याशिवाय सायकलवाला कुणी पाहिलाच नव्हता.

"दादा, तो तुमच्याच चाकाचा आवाज. कठड्यावर आपटून मागून येणार," नितीन म्हणाला.

"मी परवाच ग्रीस भरलंय त्याच्या चाकात," सलीमभाई म्हणाले. "कानाशी धरलं तरी ऐकू येत नाही."

"बरं, थोडा येतच असेल. आणि दादांच्या मेंदूला आतून कळलं असेल की साइड चुकली."

नितीनचं म्हणणं मला पटतं. मीही दुसऱ्या कुणाला हेच सांगितलं असतं. फक्त प्रतिध्वनी आवाजाचा असतो, हाताचा नसतो… तिथे येऊन मी अडतो. सलीमभाईंना विचारलं तर म्हणाले, "मला काय विचारतोस? अल्लाहचं काम. तू चहा पी, गार होतोय."

घरी वैशालीला सांगितलं. ती पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली. मग गॅस बंद केला आणि बराच वेळ माझ्या पाठीवरून हात फिरवत उभी राहिली, काही शोधत असल्यासारखी. ओवी अभ्यास सोडून आली. "बाबा, सो हू पुश्ड यू?"

"माहीत नाही गं."

"डिड यू से थँक यू?"

मी अजून सायकल चालवतो. थांबायचं ते उजवीकडेच, आणि निघण्याआधी बाजू मोठ्याने म्हणायची, असा नवा नियम सलीमभाईंनी केलाय. त्यानंतर बरेच शनिवार गेले. ओवी आता मोठ्या वर्गात गेली, शाळेच्या गॅदरिंगमध्ये नाचली, मी पहिल्या रांगेत होतो. वडिलांना पहिल्यांदा विमानाने इकडे आणलं, समुद्र दाखवला. हे सगळं मला त्या वळणानंतर मिळालेलं आहे, आणि ते कुणामुळे, हे मला आजही सांगता येत नाही.

म्हणून एक विचारतो. हे वाचणाऱ्यांपैकी कुणी त्या सकाळी फैफाच्या घाटात माझ्या मागे असेल, आणि मी ओरडलो म्हणून वाईट वाटून मागच्या मागे निघून गेला असेल, तर कृपा करून कळवा. तो माणूस तुम्हीच निघालात तर मला आनंदच होईल. ते शब्द मी परत घेतो. एकदा घरी जेवायला या. वैशाली म्हणते, आधी नुसतं कळवायला सांगा, पुरणपोळी करायची की मटण, ते मग विचारू.