राहून राह्यली

"बाई, तुम्ही जानेफळला राहता की राहत होता?" साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

"राहून राह्यली ना साहेब," शबाना म्हणाली.

साहेब नवे नायब तहसीलदार, पुण्याचे. 'राह्यली' ऐकलं की त्यांना वाटायचं, राहून झालं, संपलं. आमच्या वऱ्हाडात त्याचा अर्थ, आत्ता राहते आहे. मी मंडळ अधिकारी, म्हणजे तलाठ्यांच्या वरचा, आणि मूळचा मेहकरचा. साहेबांना अर्थ सांगितला, पण गोंधळ माझाही मिटला नव्हता.

शबानाची अंगणवाडीत मदतनीस म्हणून निवड झाली होती. अट एकच, बाई त्याच गावची रहिवासी हवी. तक्रार आली की ती गावात राहतच नाही. नवरा सुरतला वेल्डर, माहेर अमडापूर. चौकशी माझ्याच गळ्यात पडली.

स्पॉट इन्स्पेक्शनला गेलो, तर दाराला कुलूप. शेजारीण म्हणाली, "ती त घरी गेली."

"मग हे काय आहे?"

"हे बी तिचंच घर हाय. ती आईच्या घरी गेली. आई बिमार हाय."

आता हे रिपोर्टमध्ये कसं लिहायचं? माझं डोकंच चालेना. कायद्याला दोन गोष्टी लागतात. रहिवास म्हणजे सध्या कुठे राहता. अधिवास म्हणजे कायमचे कुठले, फिरून शेवटी कुठे येणार. या बाईचं रेशन कार्ड जानेफळचं, नवरा सुरतला आणि ती स्वतः अमडापूरला. मी चिडून साहेबांना म्हटलं, "सर, सुनावणी लावा. तिलाच विचारा."

म्हणून ती त्या दिवशी साहेबांसमोर उभी होती. ती गावची रहिवासी नाही असं ठरलं असतं, तर तिची नोकरी गेली असती.

"यातलं तुमचं घर कोणतं?" साहेबांनी विचारलं.

"जानेफळचं."

"कशावरून?"

"अमडापूरले गेली का भावजय इचारते, कवा जाशीन? सुरतले खोलीवाला इचारते, कवा खाली करसान? जानेफळले मले असं कोनीच इचारत नाही. पयले तुमीच इचारून राह्यले."

साहेब माझ्याकडे बघायला लागले. मी फाईलकडे.

"रहिवासी आहे, लिहा," साहेब म्हणाले. कारणाच्या रकान्यात आम्ही रेशन कार्ड लिहिलं, दुसरं काय लिहिणार? नोकरी राहिली.

आता मी रिटायर झालोय. मुलाकडे नागपूरला जातो. तो मायेनंच विचारतो, "बाबा, किती दिवस आहात?" मी बॅगेची चेन लावून ठेवतो. कायमचा पत्ता विचारला की मेहकरच सांगतो.