मागच्या दाराचा दावा

सकाळचे सात वाजून चाळीस मिनिटे झाली आहेत. सोफावाला गुडघ्यांवर बसला आहे आणि त्याच्या तोंडात बारीक खिळे आहेत. जिभेने एक खिळा ओठांपर्यंत आणायचा, डाव्या हाताने उचलायचा, कापड ताणून त्यावर धरायचा आणि दोन ठोक्यांत बसवायचा, अशी त्याची कामाची पद्धत आहे. तोंडात खिळे असताना तो बोलत नाही. गिऱ्हाइकांना हे माहीत आहे, म्हणून भाव पाडायचा असला की ती नेमकी याच वेळी येतात.

समोरचा सोफा तीन जणांचा, हिरव्या रेक्झिनचा आहे. तो एका मोठ्या वकिलांच्या ऑफिसातून दुरुस्तीला आला आहे. हे वकील वर्षभर सोफावाल्याचेही वकील होते. आता नाहीत. सोफा मात्र त्याच्याकडे आला.

कारखाना म्हणजे एक लांबट खोली. भिंतीला उभ्या केलेल्या लाकडी सांगाड्यांच्या रांगा, कोपऱ्यात फोमचे तुकडे, खिडकीपाशी शिलाई मशीन. मशीनवर त्याची बायको बसते. कापड बेतणं आणि शिवणं तिचं, सांगाडा आणि ठोकाठोक त्याची. खोलीला दोन दारं आहेत. पुढच्या दाराबाहेर पायऱ्या आहेत आणि पायऱ्यांच्या तोंडाशीच एक खांब. खुर्ची तिथून जाते. मोठा सोफा न्यायचा तर आधी सोफा कापावा लागेल, नाहीतर खांब. मागचं दार एका बोळात उघडतं आणि बोळ एक वळण घेऊन सरळ रस्त्याला लागतो. तीस वर्षं सगळे मोठे सोफे याच वाटेने आत आले आणि बाहेर गेले.

बोळ शेजारच्या छापखान्याच्या जागेत आहे. छापखानेवाल्याचे वडील होते तोवर सोफावाल्याने कधी विचारलं नाही आणि त्यांनी कधी अडवलं नाही. वडील गेले, मुलाने नवं यंत्र आणलं, कागदाचे गठ्ठे ठेवायला जागा कमी पडू लागली. एका सोमवारी बोळाच्या रस्त्याकडच्या तोंडाला लोखंडी फाटक बसलं.

सोफावाला विचारायला गेला, तेव्हा छापखानेवाला म्हणाला, "बोळ माझा, कुलूप माझं. तुम्ही पुढच्या दाराने जा की. दार कशाला असतं?"

"दार माणसांना असतं. सोफ्याला बोळ लागतो."

"मग लहान सोफे करा."

प्रश्न तेवढाच होता आणि तेवढाच मोठा होता. बोळ गेला तर कारखान्यात फक्त खुर्च्या आणि उशा उरणार. खुर्च्यांवर दोघांचं भागणार नाही. शहराबाहेर जागा घ्यावी लागेल आणि तिथवर जुनं गिऱ्हाईक येणार नाही. बायकोने हे एका वाक्यात सांगितलं होतं: "फाटक उघडलं नाही तर आपण बंद."

मेव्हण्याचं मत असं पडलं की वकील मोठा हवा. "भाऊजी, नाव ऐकूनच समोरच्याला घाम फुटला पाहिजे." मेव्हण्यानेच मोठ्या वकिलांचं ऑफिस दाखवलं. काचेचं दार, भिंतभर पुस्तकं, आत थंडगार हवा. सोफावाल्याने वकीलपत्रावर सही केली, फी आगाऊ भरली. दावा दाखल झाला आणि तो हिरव्या सोफ्यावर बसून राहिला. पुढच्या वर्षभरात तो तिथे बराच बसला. दर खेपेला एक नवा ज्युनियर बाहेर येई, फाइल उघडे, "तुमचं काय होतं?" असं विचारी, आणि तारीख सांगून आत जाई.

वर्षभरात मोठे वकील त्याला दोनदा भेटले. पहिल्यांदा ते फोनवर होते. दुसऱ्यांदा त्यांनी मान वर करून विचारलं, "तुमची भाडेकरूंची केस ना?"

"नाही साहेब. बोळाची."

"बोळाची. बरोबर. भाडेकरू बोळातच राहतात ना?"

घरी बायकोने विचारलं, "काय म्हणाले?" तो म्हणाला, "आपल्या बोळात भाडेकरू आहेत म्हणाले." मेव्हणा तिथेच बसला होता. त्याने चहाचा कप तोंडाला लावला आणि बराच वेळ खाली ठेवला नाही. बायको म्हणाली, "घाम फुटला रे दादा. पण आपल्याच माणसाला."

त्या वर्षात सोफावाल्याने वकिलांना ओळखलं नाही, त्यांच्या सोफ्याला ओळखलं. डाव्या बाजूच्या बैठकीखालचा पट्टा तुटलेला, मधली स्प्रिंग झुकलेली, उजव्या हाताची शिवण उसवलेली. एकदा वाट बघताना त्याला राहवेना. वाकडी सुई खिशात असतेच. त्याने बसल्या बसल्या ती शिवण घालून टाकली. शेजारी बसलेल्या अशिलाने विचारलं, "तुम्ही इथे कामाला का?" तो म्हणाला, "नाही, तारखेला."

शेवटी बायकोने एका वकीलबाईंचं नाव काढलं. तिच्याकडे पडदे शिवून घेणाऱ्या एका बाईंची केस त्यांनी लढवली होती. केस ती बाई हरली होती. "हरली आणि तरी नाव सांगते?" मेव्हण्याने विचारलं. बायको म्हणाली, "हरणार असं तिला आधीच सांगितलं होतं म्हणे. म्हणून सांगते."

वकील बदलायचा तर आधीच्या वकिलाची ना-हरकत सही लागते. सोफावाल्याला ही सही मागणं फाटकापेक्षा अवघड वाटलं. तीन दिवस तो मनात वाक्यं जुळवत होता. मोठ्या वकिलांनी कागद घेतला, न वाचता सही केली आणि म्हणाले, "ती शिवण तुम्ही घातलीत ना? ज्युनियर सांगत होता. सगळा सोफाच एकदा बघा की."

वकीलबाईंचं ऑफिस एका औषधाच्या दुकानावर, एका खोलीत होतं. बसायला लाकडी खुर्च्या. फाइल त्यांनी बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "काका, तुम्ही सांगा. पहिल्यापासून."

त्याने सांगितलं. वर्षभर कुणी विचारलंच नव्हतं, त्यामुळे गोष्ट मनात घोटून घोटून गुळगुळीत झाली होती. तीस वर्षं, रोज, एकही दिवस खंड नाही, चौकटीचं लाकूडसुद्धा सोफे घासून झिजलं आहे. वकीलबाईंनी चौकटीचं तेवढं लिहून घेतलं.

"आता तुमच्या विरुद्ध जाईल असं काय आहे, ते सांगा."

"काही नाही, मॅडम."

"काहीतरी असतंच."

"आमच्यात नाही."

त्यांनी पेन बंद केलं.

त्यांनी कोर्टाकडे मागणी केली की एक अधिकारी पाठवून जागेची पाहणी व्हावी. कोर्टाने ती मान्य केली. पाहणीचा दिवस ठरल्यावर वकीलबाईंनी फोनवर बजावलं, "साहेब येईपर्यंत तिथलं काहीही हलवू नका." सोफावाल्याच्या तोंडात खिळे होते. त्याने नुसतं "हं" केलं.

आणि त्याने खरोखरच काही हलवलं नाही. पाहणीच्या आदल्या दुपारी त्याने मागच्या दाराची चौकट पॉलिशपेपरने घासली, खरचटलेल्या खोबणींत लांबी, म्हणजे पुट्टी, भरली आणि वर ऑइल पेंटचे दोन हात दिले. दाराशेजारची भिंतही पांढरी केली. या धंद्यातल्या माणसाचा हात असाच चालतो. गिऱ्हाईक यायच्या आधी दिसणारी बाजू नीट करायची. सोफ्याची खालची बाजू काळ्या कापडाने झाकायची, आत काय जोडकाम आहे ते कुणी बघत नाही. कोर्टाचा साहेब येणार म्हणजे तर मोठंच गिऱ्हाईक. बायको मशीनवरून म्हणाली होती, "एवढं कशाला?" तो म्हणाला, "माणसं येणार, बरं दिसत नाही."

दुसऱ्या दिवशी वकीलबाई सगळ्यांच्या आधी आल्या. दारातच थांबल्या.

"हा वास कसला?"

"पेंट. काल दिला. सुकलाय, हात लावा."

त्यांनी हात लावला नाही. "चौकट झिजलेली होती ना?"

"हो. पार वाईट दिसत होती. म्हणून तर लांबी भरली."

वकीलबाई जवळच्या स्टुलावर बसल्या. "काका, तुमच्या बाजूने बोलणारी तेवढीच एक गोष्ट होती इथे. तिला तुम्ही लांबी भरून बुजवलंत."

"पण तुम्ही हलवू नका म्हणालात. मी काही हलवलं नाही!"

"माझीच चूक. रंगवूही नका म्हणायला हवं होतं."

मशीन थांबलं.  सोफावाल्याने चौकटीवरून हात फिरवला. काम चांगलं झालं होतं. कुठे काय होतं ते त्यालाही सापडेना.

"खरवडून काढू का?"

"हात लावू नका आता! साहेब आले की तुम्ही स्वतः सांगायचं. काल मी रंग दिला, खाली घासल्याच्या खुणा आहेत."

"त्यांच्या वकिलासमोर?"

"त्यांच्यासमोरच. आपण सांगितलं तर चूक. त्यांनी शोधून काढलं तर लबाडी." मग त्यांनी आवाज खाली आणला. "आणखी काय बुजवलंय, काका?"

तो बायकोकडे बघू लागला. उत्तर तिनेच दिलं. "सांगा की ते कपाटाचं."

आठ वर्षांपूर्वी त्याच्या पाठीचं ऑपरेशन झालं होतं. जवळपास वर्षभर कारखाना अर्धवट चालला. बायको उशांच्या खोळी शिवत होती, एवढंच. मागच्या दाराला आतून कपाट लावून ठेवलं होतं. त्या वर्षात बोळातून एकही सोफा गेला नाही. आणि कपाट सरकवायला मदत केली होती छापखानेवाल्यानेच. त्याला सगळं ठाऊक होतं.

"आणि तुम्ही मला एकही दिवस खंड नाही म्हणालात."

"तेवढं एकच वर्ष होतं, मॅडम."

"वाटेचा हक्क सलग वापरावर मिळतो. आजारपणातलं वर्ष सांगता येतं. लपवलेलं नाही." त्यांनी पेन उघडलं आणि ते लिहून घेतलं.

अधिकारी आले ते फाइल काखेत धरून, घाम पुसत. सोबत छापखानेवाला आणि त्याचे वकील. सोफावाल्याने रंगाचं सांगितलं. सांगताना तो अधिकाऱ्यांच्या बुटांकडे बघत होता. समोरचे वकील लगेच म्हणाले, "साहेब, लिहून घ्या. ताजा रंग. खुणा आहेत याला पुरावा काय?" अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं. रंगाचंही आणि त्याने आपणहून सांगितल्याचंही.

मग वकीलबाईंनी विनंती केली की फाटक बसल्यापासून आत अडकलेला एक मोठा सोफा बोळातून फाटकापर्यंत नेऊन दाखवू द्यावा. टेम्पोवाला बोलावलेलाच होता. त्याने पुढचं टोक धरलं, सोफावाल्याने मागचं. दारातून निघून सोफा वळणाशी आला. तिथे तो नेहमीच आडवा करावा लागतो, वरची कड खांद्याशी येते आणि समोरच्या भिंतीला जेमतेम चुकते, नाहीतर घासते. ही भिंत छापखान्याची.

"थांबा," अधिकारी म्हणाले. "तिथेच थांबा."

सोफ्याच्या कडेच्या बरोबर समोर भिंतीवर हातभर लांबीचा पट्टा होता. गिलावा खोलगट झालेला, कडा गुळगुळीत. अधिकाऱ्यांनी त्यावरून अंगठा फिरवला. एकावर एक दिलेल्या चुन्याचे थर दिसत होते, आणि प्रत्येक थर तिथेच झिजला होता. मग ते लिहू लागले. बरंच लिहू लागले.

"साहेब," टेम्पोवाला म्हणाला, "थोडं कमी लिहिलं तर चालेल का? हा हलका नाहीये."

छापखानेवाला म्हणाला, "ते आमच्या कागदाच्या रिळांनी झालं असेल."

"रिळं आत कुठून येतात?" अधिकाऱ्यांनी लिहिता लिहिता विचारलं.

"पुढच्या दारातून," छापखानेवाला म्हणाला, आणि मग त्याच्या वकिलांनी त्याच्या बाहीला हात लावला.

कोर्टात साक्षीच्या दिवशी वकीलबाईंनी कपाटाचं वर्ष स्वतःच विचारलं आणि सोफावाल्याने स्वतःच सांगितलं. पुढे उलटतपासणीत समोरच्या वकिलांनी ते पुन्हा काढलं, पण न्यायाधीश म्हणाले, "ते आलंय. पुढे चला." सोफावाल्याला कोर्टातलं बाकी फारसं आठवत नाही. एवढं आठवतं.

दावा अजून संपलेला नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. एकदा चढलं की उतरायला वेळ लागतो, हे कुणी म्हणत नाही. वकीलबाईंनी त्याला सांगून ठेवलं आहे की निकाल विरुद्धही जाऊ शकतो. तोवरचा हुकूम असा, की रविवार सोडून रोज सकाळी आठ ते दहा फाटक उघडं राहील आणि किल्ली छापखानेवाल्याकडे असेल. छापखानेवाला हुकूम पाळतो. कुलूप काढून तो बोळातच उभा राहतो, कारण आपल्या भिंतीला आणखी खरचटू नये अशी त्याची इच्छा आहे. आता वळणावर तोच सांगतो, "डावीकडे घ्या. अजून. अहो, वर उचला की!" टेम्पोवाल्याचं म्हणणं आहे की इतका चांगला माणूस आधी फुकट मिळत नव्हता.

खिळे संपले आहेत. सोफावाला हिरवा सोफा उलटा करतो. डावीकडचा पट्टा नवा आहे, मधली स्प्रिंग सरळ उभी आहे. खालचं काळं कापड अजून लावायचं आहे.

"मोठ्या वकिलांचा फोन होता," बायको सांगते. "आज मिळेल का विचारत होते."

"काय सांगितलंस?"

"तारीख दिली," ती म्हणते, आणि मशीन सुरू करते.

सोफ्याच्या हातांना चिकटवलेलं कापड दिवसभर वाळू द्यावं लागतं. त्यामुळे तो आज जाणार नाही. उद्या सकाळी आठला फाटक उघडेल, सव्वाआठला टेम्पो येईल, आणि दहाला फाटक पुन्हा बंद होईल.