गोड्या पाण्याचा ब्रेक

अर्नाळ्याहून मासळीचे क्रेट मी रोज मोटरसायकलवर नेते. एकदा मागचा ब्रेक असा जाम झाला की चाक हलेना. गॅरेजवाला म्हणाला, "ताई, अख्खा ब्रेक बदला." माझं डोकंच फिरलं. घरी आणून ब्रेक मीच खोलला. आतल्या पिना गंजल्या होत्या. क्रेटमधलं बर्फाचं खारं पाणी नेमकं त्यांच्यावर ठिबकायचं. होडीचं इंजिन रोज गोड्या पाण्याने धुणारे आम्ही, गाडीला मात्र विसरलो होतो! पिना घासल्या, ग्रीस लावलं. चाक बोटाने फिरलं. आता ब्रेकही रोज धुते.

परवा तोच गॅरेजवाला दुसऱ्या मासेवालीची जाम झालेली गाडी घेऊन दारात आला. "ताई, जरा बघता?"

मी पाना त्याच्याच हातात दिला. "खोल. मी सांगते."